टेस्ट एकाच वेळी धावतात तेव्हा

समजा, एका पायथन प्रकल्पात २४०० युनिट टेस्ट आहेत आणि प्रत्येकीला सरासरी ०.१५ सेकंद लागतात. एकामागून एक चालवल्या तर ३६० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं. ऐकायला फार नाहीत. पण दिवसभरात वीसदा कोडला हात लावणारा माणूस वीसदा सहा मिनिटं थांबत नाही. तो फोन हातात घेतो, नाहीतर टेस्ट न चालवताच कोड पुढे ढकलून मोकळा होतो. इकडे त्याच्या लॅपटॉपमध्ये आठ कोअर असतात आणि त्यातले सात या सगळ्या वेळात नुसते बसून असतात. त्या सातांना कामाला लावायचं, एवढीच मूळ कल्पना. पायटेस्ट हे टेस्ट चालवण्याचं साधन वापरणारे त्यासाठी एक्सडिस्ट हे प्लगइन बसवतात आणि कमांडच्या शेवटी ‘-एन ऑटो’ जोडतात. जोडायला दोन सेकंद पुरतात. पुढे काय होतं ते मात्र सावकाश बघावं लागतं, कारण वेग वाढवायला घेतलेलं हे काम थोड्याच वेळात टेस्टनी एकमेकींशी गुपचूप जुळवलेल्या संबंधांवर येऊन ठेपतं.

त्याआधी एक खोचक प्रश्न विचारून घ्यावा: ही टेस्ट ०.१५ सेकंद करते तरी काय? मायकेल फेदर्स यांनी जुन्या, टेस्ट नसलेल्या कोडवरच्या आपल्या २००४ सालच्या पुस्तकात एक दशांश सेकंद घेणारी युनिट टेस्ट संथच ठरवली आहे. हजार रुपयांवर दहा टक्के सवलत बरोबर लागते की नाही हे तपासायला मिलिसेकंदही जास्त होतो. वेळ जातो तो भलतीकडेच. पायटेस्टला ‘ड्युरेशन्स’ हा पर्याय देऊन सर्वांत संथ दहा टेस्टची यादी मागवली की तो कुठे जातो ते दिसतं. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पांत तो हमखास पासवर्डवर जातो. जँगो पासवर्ड साठवताना मुद्दाम वेळखाऊ पद्धत वापरतं, लाखो फेऱ्यांची. डेटा चोरीला गेला तरी पासवर्ड शोधून काढणं महाग पडावं म्हणून. टेस्टमध्ये घडोघडी नवा वापरकर्ता तयार होतो आणि ती किंमत प्रत्येक वेळी आपणच मोजतो. जँगोच्या अधिकृत माहितीतच म्हटलं आहे की टेस्टपुरती एमडी५ सारखी झटपट पद्धत लावावी. सेटिंगमधल्या या एवढ्याशा बदलाने वाचणारा वेळ कधीकधी चार कोअरही वाचवून देत नाहीत. संथ टेस्टवर पांघरूण घालायला जास्तीचे कोअर वापरणं मला पटत नाही. आधी झाडलोट, मग वाटणी.

वाटणीच्या रीती दोन. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, किंवा अनेक स्वतंत्र प्रोसेस. थ्रेड हलके, पण त्यांची मेमरी सामाईक. प्रोसेस जड, पण प्रत्येकीचा संसार वेगळा. पायथनमध्ये हा निर्णय भाषेनेच करून ठेवला आहे. तिच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये जीआयएल नावाचं कुलूप असतं. ते ज्या थ्रेडच्या हाती, तोच त्या क्षणी पायथनचा कोड चालवू शकतो. आठ थ्रेड काढले तरी आकडेमोड एका कोअरच्याच वेगाने होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीसोबत हे कुलूप नसलेली प्रायोगिक बांधणी मिळू लागली, पण एक्सडिस्टची रचना त्याच्या कितीतरी आधीची. ते सरळ प्रोसेसची वाट धरतं.

‘-एन ८’ दिलं की आपण सुरू केलेली प्रोसेस कंट्रोलर बनते आणि आठ वर्कर उभे करते. वर्करची नावं जीडब्ल्यू० पासून जीडब्ल्यू७ पर्यंत. कंट्रोलर स्वतः एकही टेस्ट चालवत नाही. गंमत म्हणजे टेस्ट शोधण्याचं कामही तो करत नाही. आठही वर्कर आपापल्या परीने सगळा प्रकल्प धुंडाळतात, सगळ्या फाइली वाचतात, २४०० टेस्टची यादी बनवतात आणि ती कंट्रोलरकडे पाठवतात. एकच काम आठदा झालं, असं वाटेल. तसंच आहे. पण पायथनचं फंक्शन, त्याला चिकटलेली फिक्स्चर (टेस्टसाठी आधी करून ठेवायची तयारी) आणि पॅरामीटर यांचं गाठोडं बांधून एका प्रोसेसमधून दुसरीत पाठवणं फार किचकट. त्यापेक्षा प्रत्येकाकडे तीच यादी असेल तर कंट्रोलरला नुसता क्रमांक सांगून भागतं: यादीतली ८१७ वी चालव. म्हणून तो आधी आठही याद्या ताडून बघतो. एका ओळीचा जरी फरक निघाला तरी तो काम सुरूच करत नाही.

याद्यांत फरक कसा पडेल? एखाद्या टेस्टला पॅरामीटर म्हणून तीन चलनांची नावं दिली आहेत: रुपया, डॉलर, युरो. लिहिणाऱ्याने ती चौकोनी कंसात न लिहिता महिरपी कंसात लिहिली, म्हणजे लिस्टऐवजी सेट झाला. सेटला ठरलेला क्रम नसतो. त्यात पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचं हॅशिंग प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या बीजाने होतं. त्यामुळे जीडब्ल्यू० ला रुपया पहिला दिसतो तर जीडब्ल्यू१ ला युरो. एकट्या प्रोसेसमध्ये हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, कारण तिन्ही टेस्ट कुठल्याही क्रमाने पास होतातच. एक्सडिस्ट लावल्याबरोबर कंट्रोलर सांगतो की जीडब्ल्यू० आणि जीडब्ल्यू१ ला वेगवेगळ्या टेस्ट सापडल्या. नवा माणूस इथे हटकून गोंधळतो आणि प्लगइनला दोष देतो. उपाय कंस बदलण्याचा आहे.

याद्या जुळल्या की वाटप. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या परीक्षकांना गठ्ठे देतात, तसंच हे. सगळ्या उत्तरपत्रिका सुरुवातीलाच समान वाटल्या तर भरभर तपासणारा परीक्षक दुपारीच रिकामा होतो. एकेक हातात दिली तर सगळा वेळ उठबशीत जातो. एक्सडिस्टची नेहमीची ‘लोड’ पद्धत मधला मार्ग काढते. आरंभी साधारण पाव काम वाटायचं, म्हणजे २४०० पैकी ६००, प्रत्येक वर्करला ७५. ज्याचं संपत येईल त्याला आणखी द्यायचं, आणि उरलेलं काम आटेल तसे गठ्ठे लहान करत जायचं. पण गठ्ठ्यात कधीही दोनपेक्षा कमी टेस्ट नसतात. याचं कारण पायटेस्टच्या पोटात आहे. टेस्ट संपली की तिच्यासाठी उभारलेली फिक्स्चर मोडायची का ठेवायची, हे ठरवायला पायटेस्टला पुढची टेस्ट कोणती हे माहीत असावं लागतं. पुढचीलाही तेच डेटाबेस कनेक्शन लागणार असेल तर ते बंद करण्यात अर्थ नाही. म्हणून वर्करच्या हातात चालू टेस्टखेरीज निदान एक तरी शिल्लक लागते.

आता शेपटाचा प्रश्न. समजा आपल्या ३६० सेकंदांतले ४० सेकंद एकाच अजस्र टेस्टचे आहेत आणि तिची फाइल नावाच्या क्रमाने सर्वांत शेवटी येते. बाकीचं ३२० सेकंदांचं काम आठ वर्कर ४० सेकंदांत उरकतात. मग एक वर्कर ती अजस्र टेस्ट हाती घेतो आणि उरलेले सात आणखी ४० सेकंद त्याच्याकडे बघत बसतात. एकूण ८०. तीच टेस्ट पहिली सुरू केली असती तर सगळं ४५ सेकंदांत संपलं असतं. बेल लॅब्जमधले गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे की हाती येईल तसं काम वाटत गेलं तरी लागणारा वेळ उत्तमात उत्तम वाटपाच्या दुपटीपेक्षा कमीच राहतो. आठ यंत्रांसाठी ही मर्यादा १.८७५ पट. आपलं उदाहरण १.७८ पटीवर आहे, म्हणजे जवळपास कड्यावर. मोठी कामं आधी घेतली तर मर्यादा चार तृतीयांशाच्या आत येते, हेही त्यांनीच १९६९ मध्ये दाखवलं. जावास्क्रिप्टमधलं जेस्ट याचा सरळ फायदा घेतं: मागच्या खेपेला कोणत्या फाइलला किती वेळ लागला याची नोंद ठेवतं आणि लांबलचक फाइली आधी सुरू करतं. पायटेस्ट आपणहून हे करत नाही. एक्सडिस्टमध्ये ‘वर्कस्टील’ नावाची पद्धत आहे, ज्यात रिकामा झालेला वर्कर दुसऱ्याच्या गठ्ठ्यातलं काम उचलतो. टेस्टच्या वेळांत फार तफावत असेल तर तिने बरंच साधतं. पण ४० सेकंदांच्या एका टेस्टचे तुकडे तीही करू शकत नाही. ते आपणच करायचे.

आठ कोअरचे सोळा केले की वेळ निम्मा होईल, ही आशाही फार धरू नये. वर्कर उभे राहणं, फाइली वाचणं, यादी बनवणं यात दहा सेकंद जात असतील तर ते प्रत्येक वर्करला द्यावेच लागतात. आठ वर्करना ४५ आणि १०, म्हणजे ५५ सेकंद. सोळांना साडेबावीस आणि १०. हजार वर्कर लावले तरी दहाच्या खाली जाता येणार नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा हाच. प्रत्यक्षात गणित याहून वाईट जमतं, कारण सोळा प्रोसेस एकाच डिस्कवरून एकाच वेळी वाचू लागल्या की त्या दहाचे पंधरा होतात.

‘ऑटो’ या शब्दाबद्दलही सावध असावं. कंट्रोलर यंत्राला कोअर किती हे विचारून तेवढे वर्कर काढतो. लॅपटॉपवर उत्तर बरोबर येतं. पण सीआयवरचे, म्हणजे कोड पुढे ढकलल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणारे, बिल्ड बरेचदा कंटेनरमध्ये चालतात. त्या कंटेनरच्या वाट्याला दोन कोअरएवढाच वेळ बांधून दिलेला असला तरी आतून विचारल्यावर पायथनला बरेचदा खालच्या अख्ख्या सर्व्हरचा आकडा मिळतो. मग ३२ वर्कर दोन कोअरवर एकमेकांच्या उरावर बसतात, मेमरी संपते, आणि लोक म्हणतात समांतर टेस्टने आमचा बिल्ड आणखी मंदावला. सीआयवर आकडा हाताने लिहावा.

इथवरचा भाग हिशेबाचा होता. खरं दुखणं पुढे आहे.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटचा पहिला अवतार लिहिला. जेयुनिट आजही प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचा नवा कोरा ऑब्जेक्ट तयार करतं. पायथनचं युनिटटेस्टही तसंच वागतं. एका टेस्टचं खरकटं दुसरीच्या ताटात येऊ नये, हा करार त्यात पहिल्यापासून आहे. मात्र साधन तो करार ऑब्जेक्टपुरताच पाळू शकतं. ठरावीक नावाची तात्पुरती फाइल, ८००० क्रमांकाचा पोर्ट, डेटाबेसमधली एक ओळ, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मॉड्यूलच्या माथ्यावरची कॅश, हे सगळं त्याच्या कक्षेबाहेर राहतं.

वर्कर वेगळ्या प्रोसेस असल्याने कॅश आणि ग्लोबल व्हेरिएबल यांची थेट टक्कर होत नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं की आपण सुटलो. पण क्रम बदललेला असतो. एक टेस्ट ‘अ‍ॅडमिन’ नावाचा वापरकर्ता तयार करून मेमरीतल्या कॅशमध्ये सोडून जाते. तिच्या पाठोपाठ येणारी अहवालाची टेस्ट तो वापरकर्ता आहेच असं धरून चालते. स्वतः तयार करत नाही. तीन वर्षं ती हिरवी असते. आता पहिली जीडब्ल्यू२ कडे गेली आणि दुसरी जीडब्ल्यू५ कडे, तर दुसरी फेल. पुढच्या खेपेला दोघी योगायोगाने एकाच वर्करकडे गेल्या की पुन्हा पास. माणूस चक्रावतो. इथे तीन वर्षांचं हिरवेपण खोटं होतं आणि आजचं लाल खरं आहे, हे पटायला वेळ लागतो. ‘लोडफाइल’ पद्धतीने एका फाइलमधल्या सगळ्या टेस्ट एकाच वर्करकडे पाठवता येतात, आणि असं दुखणं बहुधा एकाच फाइलमध्ये असल्याने ते लगेच थांबतं. स्थलांतराच्या काळात ही सोय जरूर वापरावी. कायमची ठेवली तर मोठी फाइल म्हणजे नवं शेपूट.

फाइल आणि पोर्ट यांची टक्कर मात्र खऱ्या अर्थाने एकाच क्षणी होते. दोन वर्कर एकाच नावाची सीएसव्ही लिहितात आणि तिसरा अर्धवट लिहिलेली वाचतो. पायटेस्टचं ‘टीएमपी पाथ’ हे फिक्स्चर प्रत्येक टेस्टला स्वतःची डिरेक्टरी देतं. ते वापरलं की प्रश्न संपला. पोर्टसाठी शून्य क्रमांक मागावा. ऑपरेटिंग सिस्टम त्याचा अर्थ ‘मोकळा असेल तो दे’ असा घेते आणि मिळालेला क्रमांक आपण तिला विचारून घ्यायचा.

डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्टला युनिट टेस्ट म्हणावं का, यावर फेदर्स यांचं उत्तर नाही असं आहे. तत्त्वतः मान्य. पण जँगो किंवा रेल्सच्या प्रकल्पात त्या असतात, शेकड्यांनी असतात, आणि त्याही धावायला हव्यात. तिथे प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस देतात. जँगोने डिसेंबर २०१५ च्या १.९ आवृत्तीपासून ही सोय दिली: मायग्रेशन एकदाच चालवायची, मग तयार झालेल्या टेस्ट डेटाबेसच्या नावापुढे क्रमांक लावून नकला काढायच्या. पोस्टग्रेसमध्ये नक्कल झटपट होते, कारण ‘टेम्प्लेट’ म्हणून दिलेला डेटाबेस टेबलं पुन्हा न बांधता जसाच्या तसा उचलला जातो. अट एकच, त्या क्षणी मूळ डेटाबेसला दुसरं कुणी जोडलेलं नसावं.

आणि मग एक दिवस पोस्टग्रेस ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणतो. इतक्या नम्रपणे नकार देणारं सॉफ्टवेअर विरळाच. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. डेटाबेसशी बोलणारी एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी मूळ सेटिंगनुसार पाच कनेक्शन राखून ठेवते आणि गरज पडली तर आणखी दहा उघडते. टोकाला गेलं तर आठ वर्करची १२० होतात. डेटाबेस वेगवेगळे केले तरी सर्व्हर एकच राहतो, हे विसरलेलं असतं. टेस्टसाठी हा कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, आखडता घ्यावा.

सेशनभरासाठी एकदाच उभं करायचं फिक्स्चरही असंच फसवतं. एक्सडिस्टमध्ये सेशन म्हणजे वर्करचं सेशन. आठ वर्कर तर आठदा उभारणी. काही गोष्टी खरोखरच एकदाच करायच्या असतील तर एका सामाईक फाइलवर कुलूप लावतात. ज्या वर्करच्या हाती ते आधी लागेल तो काम करून निकाल त्या फाइलमध्ये लिहितो, बाकीचे तो नुसता वाचतात.

थ्रेडवर चालणाऱ्या भाषांत धोक्याची जात वेगळी. जेयुनिट ५ मध्ये समांतर चालवण्याची सोय मुळात बंद असते. चालू केल्यावर सिस्टम प्रॉपर्टीसारखी सामाईक गोष्ट वापरणाऱ्या टेस्टवर ‘रिसोर्सलॉक’ची खूण करतात, नुसत्या वाचणाऱ्या एकत्र चालतात, लिहिणारी एकटी. गोमध्ये टेस्टने ‘टी.पॅरलल’ असं स्वतः म्हणावं लागतं. त्याच्याशी निगडित एक चूक इतकी देखणी आहे की ती सांगायलाच हवी. गोमध्ये उदाहरणांचा तक्ता करून त्यावर लूप फिरवायची आणि प्रत्येक ओळीची उपटेस्ट काढायची पद्धत आहे. उपटेस्टने ‘टी.पॅरलल’ म्हटलं की ती जागीच थांबते आणि तिची पालक टेस्ट पूर्ण संपल्यावरच पुढे सरकते. तोवर लूप शेवटच्या ओळीवर पोचलेला असतो. गो १.२२ च्या आधी लूपचं व्हेरिएबल सर्व फेऱ्यांसाठी एकच असायचं, त्यामुळे जाग्या झालेल्या दहाही उपटेस्ट तक्त्यातली शेवटचीच ओळ तपासायच्या. ती बरोबर असली की दहाही हिरव्या, नावं मात्र दहा वेगवेगळी. फेल होणारी टेस्ट निदान बोंब तरी मारते. ही गप्प बसायची. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीने दर फेरीला नवं व्हेरिएबल देऊन हे मिटवलं.

कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टचा सगळा दोष समांतर चालवण्यावर टाकणं सोपं आहे, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाची प्रकल्पांतल्या अशा टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. सर्वांत मोठं कारण निघालं घाईचं, सुमारे ४५ टक्के: काहीतरी पूर्ण होण्याची नीट वाट न पाहता पुढे जाणं. समवर्ती कोडमधल्या चुका २० टक्के आणि टेस्टच्या क्रमावरचं अवलंबन १२ टक्के. आठ वर्कर एकाच वेळी यंत्र पिळू लागले की ‘०.१ सेकंद झोप, तोवर होईलच’ अशी टेस्ट आधी कोसळते. चूक तिच्यात आधीपासून होती. मोकळ्या यंत्रावर ती निभावून जात होती. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये ही चंचलता थोडीफार आढळते. फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारी प्लगइनं मिळतात आणि अडीनडीला उपयोगी पडतात, पण त्यांच्या भरवशावर राहणाऱ्या टीमला काही महिन्यांनी लाल रंगाचं काही वाटेनासं होतं.

शोध घ्यायचा तो पायरीपायरीने. आधी तीच टेस्ट एकटी चालवावी. एकटी फेल झाली तर तिला आधीच्या कुणाचा तरी टेकू लागतो. एकटी पास आणि सगळ्यांत फेल, तर आधीची कुणी तरी काही तरी बिघडवते. मग त्या वर्करवर तिच्याआधी चाललेल्या टेस्टची यादी घेऊन ती निम्मी निम्मी करत जायचं. २०० टेस्टमधून गुन्हेगार आठ खेपांत सापडतो. एका वर्करवरही क्रम मुद्दाम पिसून पाहणारं ‘पायटेस्ट रँडमली’ इथे फार कामाचं, कारण ते वापरलेलं बीज छापतं आणि तोच क्रम पुन्हा मिळवता येतो.

डीबगर लावायचा असेल तेव्हा मात्र ‘-एन ०’ देऊन एकट्या प्रोसेसवर परत यावं लागतं. वर्करला कीबोर्ड जोडलेला नसतो, त्यामुळे ब्रेकपॉइंटवर थांबून प्रश्नोत्तरं करता येत नाहीत. टेस्टमधले प्रिंटही नेहमीसारखे पडद्यावर येत नाहीत. एकच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवत कोड लिहिताना तर समांतर चालवण्यात तोटाच आहे, कारण आठ वर्कर उभे राहीपर्यंत एकट्या प्रोसेसने ती टेस्ट उरकलेली असते. रेल्सच्या नव्या आवृत्त्यांनी हा निर्णय माणसावर सोडलेलाच नाही: चालवायच्या टेस्ट पन्नासच्या आसपासही नसतील तर समांतर चालवण्याची सेटिंग असूनही त्या निमूटपणे एकाच प्रोसेसमध्ये चालतात.